विवाह आणि आप्रवासन (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

एखाद्या राष्ट्राच्या नागरिकाशी विवाह केल्यामुळे परकीय पतीला अथवा पत्नीला त्या राष्ट्रात प्रवेश, कायम वास्तव्य आणि पुढे नागरिकत्व मिळण्याबाबत जे स्थान प्राप्त होते, त्याचे नियमन करणाऱ्या कायद्यांचा व न्यायनिर्णयांचा विचार या विषयात होतो. कोणाशी विवाह करावा हा व्यक्तीचा खाजगी प्रश्न मानला जातो; कोणाला देशात राहू द्यावे हा सार्वभौम राज्याचा प्रश्न मानला जातो. हे दोन्ही प्रश्न एकाच दांपत्याच्या बाबतीत एकत्र येतात, तेव्हा राज्य कोणत्या विवाहाला मान देते आणि कोणत्या विवाहाकडे संशयाने पाहते, हे स्पष्ट होते. मोठ्या प्रमाणावरील आप्रवासनामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा इतिहास विशेष गुंतागुंतीचा झाला आहे. त्याचे ढोबळ मानाने दोन कालखंड पडतात. पहिल्या कालखंडात (१८५५–१९२२) विवाहाने स्त्रीचे नागरिकत्व आपोआप बदलत असे. दुसऱ्या कालखंडात विवाहाने नागरिकत्व बदलेनासे झाले. विवाह हा केवळ नागरिकाने शासनाकडे करावयाच्या विनंतीअर्जाचा आधार ठरला.

पार्श्वभूमी : इंग्लंडच्या रूढिप्राप्त विधीनुसार विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. तिची संपत्ती, तिचे करार व तिचे दावे पतीच्या नावाने चालत. राष्ट्रीयत्वाला मात्र हे तत्त्व प्रारंभी लागू नव्हते. फ्रान्समध्ये १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने पत्नीचे राष्ट्रीयत्व पतीच्या राष्ट्रीयत्वाशी जोडले व इतर यूरोपीय देशांनी त्याचे अनुकरण केले. ब्रिटनने १८४४ मध्ये ब्रिटिश प्रजाजनाशी विवाह करणाऱ्या परकीय स्त्रीला ब्रिटिश प्रजाजन मानले आणि १८७० मध्ये परकीयाशी विवाह करणाऱ्या ब्रिटिश स्त्रीचे राष्ट्रीयत्व काढून घेतले. एका कुटुंबात एकच राजनिष्ठा असावी आणि ती कुटुंबप्रमुखाची असावी, ही या सर्व कायद्यांमागील भूमिका होती.

अमेरिकेने १० फेब्रुवारी १८५५ च्या अधिनियमान्वये हीच भूमिका स्वीकारली. अमेरिकन नागरिकाची परकीय पत्नी विवाहाबरोबरच नागरिक झाली; तिला अर्ज, शपथ किंवा वास्तव्याचा कालावधी यांपैकी कशाचीही आवश्यकता राहिली नाही. परंतु या औदार्याला दोन मर्यादा होत्या. पहिली अशी, की ही सवलत केवळ पत्नीसाठी होती. अमेरिकन स्त्रीशी विवाह करणाऱ्या परकीय पुरुषाला तिचा काहीही लाभ नव्हता. दुसरी मर्यादा ‘जिला स्वतःला कायद्याने नागरिक होता येईल अशी स्त्री’ या शब्दांत दडलेली होती. १७९० च्या अधिनियमानुसार नागरिकीकरण फक्त स्वतंत्र श्वेतवर्णीयांपुरते मर्यादित होते. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींचा त्यात समावेश झाला. त्यामुळे चिनी, जपानी किंवा भारतीय स्त्रीला अमेरिकन नागरिकाशी विवाह करूनही नागरिकत्व मिळत नसे. पतीचे नागरिकत्व पत्नीला मिळते हा नियम सर्वसाधारण दिसत असला, तरी तो वंशाच्या चौकटीत बसविलेला होता.

नागरिकत्वाचा लोप : या तत्त्वाची दुसरी बाजू २ मार्च १९०७ च्या अधिनियमाने पुढे आली. परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री पतीचे राष्ट्रीयत्व धारण करते, असे त्यात स्पष्टपणे नमूद करण्यात आले. ही स्त्री अमेरिकेतच राहत असली व तिने कधी देश सोडला नसला, तरी विवाहाच्या दिवशी ती स्वदेशात परकीय होई. कॅलिफोर्नियातील एथेल मॅकेंझी यांनी या तरतुदीला आव्हान दिले. त्यांचा जन्म कॅलिफोर्नियात झाला होता. १९०९ मध्ये त्यांनी एका ब्रिटिश प्रजाजनाशी विवाह केला व दांपत्य तेथेच राहिले. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर त्या मतदार म्हणून नाव नोंदविण्यास गेल्या, तेव्हा त्या नागरिक नसल्याचे कारण देऊन नोंदणी नाकारण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला. नागरिकत्व लादून काढून घेतले गेलेले नाही. परिणामांची जाणीव असताना स्वेच्छेने केलेल्या विवाहातून तो लोप घडला आहे, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. पुरुषाच्या विवाहावर मात्र असा कोणताही परिणाम होत नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर जर्मन नागरिकांशी विवाह केलेल्या, अमेरिकेत जन्मलेल्या स्त्रियांना शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून नोंदणी करावी लागली आणि काहींची मालमत्ता शासनाने ताब्यात घेतली.

केबल अधिनियम : १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने देशभर स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि पतीबरोबर नागरिकत्व बदलण्याची पद्धत विसंगत ठरू लागली. स्त्रीसंघटनांच्या आग्रहामुळे २२ सप्टेंबर १९२२ रोजी संमत झालेला अधिनियम ओहायोचे प्रतिनिधी जॉन केबल यांच्या नावाने ओळखला जातो. त्याने विवाहित स्त्रीचे नागरिकत्व पतीपासून वेगळे केले. परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री सर्वसाधारणपणे नागरिक राहू लागली. त्याच वेळी, नागरिकाशी विवाह करणारी परकीय स्त्री आपोआप नागरिक होण्याची पद्धत संपली. तिला एक वर्षाच्या वास्तव्यानंतर स्वतः अर्ज करावा लागे. स्त्रीला स्वतंत्र व्यक्ती मानण्याची ही किंमत होती : पूर्वी विवाहाने जे तत्काळ मिळत असे, ते आता प्रवेशाच्या व नागरिकीकरणाच्या वेगवेगळ्या पायऱ्या ओलांडून मिळवावे लागले. १८५५ नंतर नागरिकाच्या पत्नीला बंदरावर अडविणे म्हणजे नागरिकालाच अडविणे होते. १९२२ नंतर ती परकीय प्रवासी ठरली.

या अधिनियमातही वांशिक अपवाद कायम होता. नागरिकत्वास अपात्र अशा परकीयाशी, म्हणजे मुख्यतः आशियाई पुरुषाशी, विवाह करणारी अमेरिकन स्त्री नागरिकत्व गमावीत असे. विवाह टिकून असेपर्यंत तिला ते परत मिळविताही येत नसे. भारतीयांच्या दृष्टीने हा अपवाद लवकरच महत्त्वाचा ठरला. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भारतीय हे कायद्याच्या अर्थाने श्वेतवर्णीय नाहीत, असा निर्णय दिला आणि पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांविरुद्ध ते रद्द करण्याचे दावे शासनाने दाखल केले. अशा प्रत्येक दाव्यात पतीबरोबर अमेरिकन पत्नीचाही प्रश्न उभा राहत असे. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी कीटिंग दास यांनी १९२६ मध्ये आपल्या देशहीन अवस्थेविषयी लेख लिहून या कायद्याचा अन्याय चव्हाट्यावर आणला. थिंद यांच्या वतीने काम पाहणारे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते व त्यांनी १९२० मध्ये एका अमेरिकन स्त्रीशी विवाह केला होता. त्यांच्याविरुद्धच्या दाव्यात, नागरिकत्व रद्द झाल्यास पत्नीही नागरिकत्व गमावील, ही गोष्ट त्यांनी न्यायालयापुढे मांडली. एकदा निकालात निघालेला प्रश्न शासनाला पुन्हा उपस्थित करता येणार नाही, या मुद्द्यावर १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडित यांच्या बाजूने निर्णय दिला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तपासण्यास नकार दिला. त्यानंतर भारतीयांविरुद्धचे उरलेले दावे शासनाने सोडून दिले. ३ मार्च १९३१ च्या दुरुस्तीने अपात्र परकीयाशी विवाह केल्यामुळे नागरिकत्व जाण्याची तरतूद रद्द झाली.

कोटा पद्धती व नागरिकांच्या पत्नी : २६ मे १९२४ च्या आप्रवासन अधिनियमाने देशवार वार्षिक कोटे ठरविले. नागरिकांच्या पत्नींना व अल्पवयीन अविवाहित अपत्यांना कोट्याबाहेर प्रवेश देण्यात आला. नागरिक स्त्रियांच्या पतींना मात्र कोट्याच्या आत केवळ अग्रक्रम मिळाला. कोटा लहान असलेल्या देशांतील पतींना त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९२८ व १९३२ मध्ये ठराविक तारखेपूर्वी विवाह झालेल्या पतींना कोट्याबाहेर घेण्यात आले. परंतु स्त्री-पुरुष भेद नाहीसा झाला नाही.

याच अधिनियमाने नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना आप्रवासी म्हणून प्रवेशबंदी केली. अमेरिकेत जन्मलेले चिनी वंशाचे पुरुष १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्यातील निर्णयानुसार नागरिक होते. पण त्यांच्या चीनमध्ये जन्मलेल्या पत्नी अपात्र होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९२५ रोजी अशा पत्नींना प्रवेश नाकारणे कायदेशीर ठरविले. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निर्णयाने अमेरिकेतील चिनी व्यापाऱ्यांच्या पत्नींना मात्र जुन्या तहाच्या आधारे प्रवेश मिळाला. परकीय व्यापारी आपली पत्नी आणू शकतो, पण नागरिक आणू शकत नाही, असा विचित्र परिणाम यातून झाला. १९३० मध्ये फक्त २६ मे १९२४ पूर्वी विवाह झालेल्या चिनी पत्नींपुरती ही बंदी उठविण्यात आली. अशा बंधनांमुळे अनेक चिनी-अमेरिकन कुटुंबांतील पती अमेरिकेत व पत्नी चीनमध्ये, अशी दीर्घकाळ विभागणी झाली.

युद्धवधू : दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी मोठ्या संख्येने विवाह केले. त्यांच्या जोडीदारांना व अपत्यांना कोटा आणि आरोग्यविषयक काही निर्बंध यांतून सूट देणारा अधिनियम २८ डिसेंबर १९४५ रोजी करण्यात आला. त्याची मुदत तीन वर्षांची होती आणि त्याखाली एक लाखाहून अधिक व्यक्ती, बहुतांशी स्त्रिया, अमेरिकेत आल्या. १९४३ मध्ये चिनी व २ जुलै १९४६ रोजी भारतीय व फिलिपिनो नागरिकत्वास पात्र ठरले; ९ ऑगस्ट १९४६ च्या अधिनियमाने नागरिकांच्या चिनी पत्नींना कोट्याबाहेर प्रवेश मिळाला. जपानी पत्नींसाठी १९४७ मध्ये अल्प मुदतीची सवलत देण्यात आली. सैनिकाच्या सेवेचा सन्मान म्हणून कायद्याचा वांशिक अडसर प्रथम विवाहाच्या बाबतीत शिथिल झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ही उदारता विनाअट नव्हती. जर्मनीत जन्मलेल्या व युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाच्या सेवेत असलेल्या एलेन नाउफ यांनी १९४८ मध्ये एका अमेरिकन माजी सैनिकाशी विवाह केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथे उतरताच त्यांना एलिस बेटावर अडकवून ठेवण्यात आले. त्यांच्या प्रवेशाने देशाच्या सुरक्षिततेस धोका आहे, एवढेच सांगण्यात आले. पुरावा दाखविण्यात आला नाही व सुनावणीही झाली नाही. जानेवारी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी शासनाची कृती वैध ठरविली. प्रवेश हा परकीयाचा हक्क नसून राज्याने दिलेली सवलत आहे. काँग्रेसने ठरविलेली कोणतीही कार्यपद्धती ही परकीयाच्या दृष्टीने योग्य कार्यपद्धतीच होय, असे बहुमताचे म्हणणे होते. वृत्तपत्रांतील टीका व काँग्रेसमधील प्रयत्न यांनंतर अखेर नाउफ यांना सुनावणी मिळाली, आरोप टिकले नाहीत आणि १९५१ च्या अखेरीस त्यांना प्रवेश देण्यात आला.

१९५२ व १९६५ चे अधिनियम : १९५२ च्या मॅक्कॅरन–वॉल्टर अधिनियमाने नागरिकीकरणातील वंशाची अट काढून टाकली. ‘पत्नी’ या शब्दाऐवजी ‘जोडीदार’ अशा अर्थाची संज्ञा योजून नागरिक स्त्रियांच्या पतींना प्रथमच पत्नींच्या बरोबरीने कोट्याबाहेर स्थान दिले. नागरिकाबरोबर विवाहसंबंधात राहणाऱ्या कायम निवासी जोडीदाराला नेहमीच्या पाच वर्षांऐवजी तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येऊ लागला. १९६५ च्या अधिनियमाने राष्ट्रवार कोटे रद्द केले. नागरिकाचे पती वा पत्नी, अल्पवयीन अपत्ये आणि आईवडील यांना ‘निकटचे नातेवाईक’ मानून त्यांच्या प्रवेशावरील संख्येची मर्यादाच काढून टाकली. कायम निवासी परकीयांच्या जोडीदारांना मात्र ती मर्यादा लागू राहिली. १९६५ नंतर महाराष्ट्रासह भारतातून गेलेल्या डॉक्टर, अभियंते व शास्त्रज्ञांच्या कुटुंबांना हा फरक विशेष जाणवला. कायम निवासाचा परवाना मिळाल्यावर मायदेशी येऊन विवाह करणाऱ्या तरुणाच्या पत्नीला संख्येच्या मर्यादेमुळे प्रतीक्षा करावी लागे. पती नागरिक झाला, की तिचा वर्ग बदलून ही मर्यादा दूर होई.

संशयाचे पर्व : विवाहाने मिळणारा लाभ जसा वाढला, तसा केवळ त्या लाभासाठी विवाह होत असल्याचा संशयही वाढला. १९५३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने युद्धवधूंच्या अधिनियमाचा फायदा घेण्यासाठी पॅरिस येथे माजी सैनिकांशी नाममात्र विवाह लावणाऱ्यांची शिक्षा कायम केली होती. विवाहविधी वैध असला, तरी एकत्र संसार करण्याचा हेतू नसल्यास आप्रवासनासाठी तो विवाह मानला जाणार नाही, हे तत्त्व या निर्णयातून रूढ झाले. परिणामी अधिकाऱ्यांना दांपत्याच्या सहजीवनाची तपासणी करण्याचा अधिकार प्राप्त झाला. एकत्रित बँकखाते, भाडेपावत्या, छायाचित्रे आणि स्वतंत्र मुलाखतींतील उत्तरांचा मेळ हे विवाहाचे पुरावे बनले.

१९८० नंतरच्या दशकात आप्रवासन खात्याने अशा विनंत्यांपैकी सु. ३० टक्के खोट्या असाव्यात, असा अंदाज काँग्रेसपुढे मांडला. तो मर्यादित पाहणीवर आधारलेला होता व संख्याशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य नव्हता, हे पुढे न्यायालयीन प्रकरणात खात्यानेच मान्य केले. तोवर १० नोव्हेंबर १९८६ रोजी विवाहविषयक फसवणूक दुरुस्ती अधिनियम संमत झाला होता. त्यानुसार विवाहास दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी निवासाचा अधिकार मिळाल्यास तो सशर्त असतो. दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पती-पत्नींनी मिळून अर्ज केल्यास शर्त काढली जाते. खोट्या विवाहासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास व अडीच लाख डॉलरपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवण्यात आली.

या तरतुदीचा सर्वांत मोठा भार परकीय पत्नीवर पडला. मूळ विनंतीअर्ज नागरिक पतीने करावयाचा, तो त्याला मागे घेता येई आणि शर्त काढण्यासाठीही त्याची सही लागे. त्यामुळे मारहाण सहन करणाऱ्या स्त्रीपुढे घर सोडल्यास हद्दपारी, असा पेच निर्माण झाला. १९९० मध्ये मारहाण किंवा अतीव क्रौर्य सोसलेल्या जोडीदाराला संयुक्त अर्जातून सूट मिळाली. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविषयक अधिनियमाने अशा जोडीदाराला नागरिकाच्या संमतीवाचून स्वतः विनंतीअर्ज करण्याची मुभा दिली. ही सुधारणा तत्त्वतः महत्त्वाची आहे. कारण १९२२ नंतर प्रथमच जोडीदाराचा दर्जा काही अंशी नागरिकाच्या इच्छेपासून मुक्त झाला. याच दिशेने २००९ मध्ये, विवाहास दोन वर्षे होण्यापूर्वी नागरिक मृत्यू पावल्यास विधवेचा वा विधुराचा हक्क बुडण्याची अटही रद्द करण्यात आली.

१९९६ च्या अधिनियमाने उलट दिशेचे पाऊल टाकले. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा वास्तव्य करून देश सोडणाऱ्यास तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा अधिक काळ तसे राहिलेल्यास दहा वर्षे परत येण्यास बंदी झाली. चोरट्या मार्गाने सीमा ओलांडून आलेल्या व्यक्तीला नागरिकाशी विवाह झाला, तरी सर्वसाधारणपणे देशातच निवासाचा अधिकार मिळत नाही. व्हिसासाठी मायदेशी जावे, तर ही बंदी लागू होते. नागरिकाशी विवाह केला म्हणजे बेकायदा वास्तव्य आपोआप नियमित होते, हा सर्वत्र आढळणारा समज यामुळे चुकीचा ठरतो.

समलिंगी दांपत्ये : विवाहाची व्याख्या कोणी करावी, हाही प्रश्न आप्रवासनाच्या कायद्यात उपस्थित झाला. १९७५ मध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे विवाहपरवाना मिळविलेल्या रिचर्ड ॲडम्स व ऑस्ट्रेलियन अँथनी सलिव्हन यांची विनंती आप्रवासन खात्याने नाकारली व १९८२ मध्ये अपील न्यायालयाने तो नकार कायम केला. १९९६ च्या अधिनियमाने संघीय कायद्यापुरता विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांमधील विवाह, अशी व्याख्या केली. ती सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१३ रोजी घटनाबाह्य ठरविल्यानंतर समलिंगी जोडीदारांनाही निकटच्या नातेवाइकांचा दर्जा मिळू लागला.

तुलना व मूल्यमापन : विवाहामुळे स्त्रीचे राष्ट्रीयत्व आपोआप बदलू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या १९५७ च्या करारात आणि स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावांचे निर्मूलन करण्यासाठी १९७९ मध्ये स्वीकारलेल्या करारात मान्य झाले. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमात नोंदणीची सोय प्रारंभी भारतीय नागरिकांच्या पत्नींसाठी होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती पतींनाही लागू झाली व तिला वास्तव्याची अट जोडली गेली. २००३ च्या दुरुस्तीनंतर हा कालावधी सात वर्षांचा झाला. जोडीदारांत समानता आणताना प्रवेशाच्या अटी कडक करण्याची प्रवृत्ती केवळ अमेरिकेपुरती नाही, हे यावरून दिसते.

अमेरिकन कायद्यातून प्रथम लिंगभेद, मग वंशभेद आणि शेवटी समलिंगी दांपत्यांविषयीचा भेद नाहीसा झाला. नागरिकांतील विषमता अशा रीतीने कमी होत गेली. नागरिक आणि परकीय जोडीदार यांच्यातील विषमता मात्र टिकून राहिली. २१ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला, की परकीय जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, हा नागरिकाचा घटनादत्त मूलभूत हक्क नाही. विवाहाचा हक्क मूलभूत आहे. त्या विवाहाचा संसार स्वदेशात करण्याचा हक्क मात्र विधिमंडळाने दिलेल्या सवलतीवर अवलंबून आहे, असा याचा अर्थ होतो. १९५० मधील नाउफ प्रकरणातील तत्त्व त्यामुळे मूलतः अबाधित राहिले. फरक एवढाच, की १९५० मध्ये तो प्रश्न बंदरावर अडविलेल्या परकीय पत्नीच्या नावाने विचारला गेला होता, तर २०२४ मध्ये तो तिच्याच देशात राहणाऱ्या नागरिक पत्नीच्या नावाने विचारला गेला.